पंचवीसपैकी नऊ

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर हसत विचारलंस, "बाबा, त्रेपन्नाव्या वर्षी दप्तर?" दप्तर कसलं, बँकेत न्यायचो तीच पिशवी. फक्त आता डब्याशेजारी कलमाचा चाकू असतो. पहिल्या दिवशी फळबागेच्या पदविकेच्या वर्गात शिरलो, तर दोघं-तिघं पोरं सर आले समजून उठून उभी राहिली.

सत्तावीस वर्षं बागायतदारांच्या कर्जाचे कागद तपासले, तेव्हा वाटायचं आंब्यातलं आपल्याला कळतं. घरचा देखणा हापूस कापला आणि आत पांढरट, फोपसा साका निघाला, की मी तुझ्या आजोबांवर चिडायचो. ते म्हणायचे, झाडावर पुरता पिकू देऊ नका, चौदा आणे तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढा, तापल्या कातळावर ठेवू नका. पदविकेच्या पुस्तकात अक्षरशः हेच आहे! आणि नीलम-हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याला काढलेल्या रत्ना आंब्यात साका होतच नाही. ती जात १९८१ ची, मी चौथीत होतो तेव्हाची. आपल्या बागेत तिचं एक झाड नाही.

म्हणून कोय कलमाला मी रत्नाच्याच काड्या मागून घेतल्या. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध दोन बोटं चीर द्यायची, तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळायची. सांगायला एवढंच. माझी पाचर एका अंगाला जाड राहायची, फटीत पाणी शिरायचं, आठवड्यात काडी काळी. शेजारची मुलगी, तुझ्याहून लहान, म्हणाली, "काका, चाकू करवतीसारखा ओढू नका, एका दमात उतरवा." दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याच बाजूला बसतो.

पैशांची काळजी नको. तुझ्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावलेला नाही, बाकीचं आई आणि मी बघू.

काल कलमं मोजली. पंचवीसपैकी नऊ जगली. दहावीला तुला गणितात ९१ पडले, तेव्हा मी पहिलं काय विचारलं होतं? "उरलेले नऊ कुठे गेले?" त्या रात्री तू जेवली नव्हतीस. तर तू विचारायच्या आत मीच सांगतो, सोळा मेली.

पुढच्या मिरगाला चार दिवस काढून ये. विहिरीकडे खड्डा आखून ठेवलाय. त्यात नवांतलं कुठलं लावायचं ते तू निवड.

तुझा,
बाबा