१९३९ चा सांगून १९३८ चा रुपया पाठवलात, पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

तुमच्या साइटवर "जॉर्ज सहावा, एक रुपया, १९३९, १००% ओरिजिनल, सर्टिफिकेटसकट" असं लिहिलेलं नाणं मी १४,५०० रुपये भरून घेतलं. घरी आलेलं नाणं १९३८ चं आहे आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावर कोणीतरी कारागिरी केलीये. चॅटवर सांगितलं, फोनवर सांगितलं, तर उत्तर एकच, सर आमच्या ज्वेलरने चेक केलंय, चांदी ओरिजिनल आहे. अहो चांदी ओरिजिनलच आहे, त्याबद्दल माझी तक्रारच नाही! वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ भरतंय, पाण्यात बुडवून घनता काढली तर तीही १०.३ च्या आसपास येते, पण १९३८ च्या रुपयातसुद्धा तीच ९१.७ टक्के चांदी आणि तेच वजन असतं, मग चांदी घासून साल कसं कळलं ते तुमच्या ज्वेलरने मला एकदा समजावून सांगावं.

१९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली, त्यामुळे १९३९ चा रुपया हा त्या जुन्या चांदीतला शेवटचा, आणि तो फार कमी सापडतो. पैसे त्या सालाचे असतात, चांदीचे नाही. १९३८ चा डीलरकडे चांदीच्या भावाच्या आसपास सहज मिळतो. म्हणूनच इंग्रजी आठाचा खालचा डावा भाग कोरून त्याचा नऊ करायचा हा धंदा जुना आहे, आणि नाण्यांच्या नादाला लागलेला कोणीही १९३९ हातात आला की आधी शेवटचा आकडाच बघतो. तुम्ही रेअर कॉइन विकता म्हणता आणि तेवढंच बघितलं नाहीत?

फोटो जोडलेत, १० एक्स लूपखाली, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली काढलेत, नीट मोठे करून बघा. या सालात नऊ दोनदा येतो ना, मग दुसरा आकडा आणि चौथा आकडा ताडून बघा. दुसऱ्या आकड्याची, म्हणजे पहिल्या नऊची शेपटी गोल आणि भरीव आहे, चौथ्याची बारीक, टोकाला तुटल्यासारखी. त्याच्या डाव्या बाजूला खाली नाण्याची जमीन, म्हणजे आकड्यामागचा सपाट भाग, किंचित खोल गेलीये, टोकदार हत्याराचे ओरखडे दिसतात, आणि ते लपवायला तेवढ्याच जागेवर पॉलिश मारलंय. बाकी सगळीकडे सत्तर-ऐंशी वर्षांची झीज आणि तेवढी एकच जागा चकाचक, असं कसं होईल?

सर्टिफिकेट म्हणजे तर तुमच्याच लेटरहेडवर तुमचाच शिक्का. त्यात वजन आणि चांदीचा टक्का आहे, सालाबद्दल एक अक्षर नाही. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांकडे पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, पण फी तुम्ही भरायची.

जाता जाता, तुमच्या साइटवर "ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, हनुमान, अर्धा आणा" पण विकायला आहे, त्यालाही १००% ओरिजिनल लिहिलंय. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, सगळ्या इलाख्यांना एकसारखी नाणी १८३५ च्या कायद्यानंतर आली आणि त्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं चिन्ह होतं, मारुती नव्हे. ते पान आजच काढा, लोक देव्हाऱ्यात ठेवायला हजारो रुपये घालवतायत.

मला पूर्ण १४,५०० रुपये परत हवेत. "ओपन केलेल्या कॉइनला रिटर्न नाही" ही तुमची अट इथे चालणार नाही, कारण वर्णनात होती ती वस्तू आलेलीच नाही. स्टोअर क्रेडिट आणि कुपन नको. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यावा लागतो, नाहीतर मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद करून ग्राहक आयोगाकडे जातोय.

पिकअप इन्शुअर्ड कुरिअरनेच करा, आणि माणूस आला की त्याच्यासमोर नाण्याचा व्हिडिओ काढून, वजन करूनच पाकीट सील करणार, नंतर "तुम्ही नाणं बदललंत" हे ऐकायची माझी तयारी नाही.

आपला ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि बिल सोबत जोडलंय)