हॉलमधल्या लाकडी फ्लोअरिंगबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई दुसरंच काहीतरी विचारते, म्हणून लिहून पाठवतेय. आपल्या हॉलमध्ये लाकडी फ्लोअरिंग बसवायचं ठरवलं आहे. माल निवडून झालाय, आगाऊ रक्कमही भरली आहे. पुढच्या महिन्यात कारागीर येतील. लगेच फोन उचलू नका, आधी शेवटपर्यंत वाचा.

तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून बाबांना वाईट वाटेल, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं ते मला पाठ आहे: "आमचं काय, आहे ते चांगलंच आहे." आईच्या मनगटाचं झाल्यापासून ते "चांगलंच आहे" मला ऐकवत नाही. इतक्या लांब बसून मी रोज तुमचा हात धरू शकत नाही. निदान तुमच्या पायाखाली काय आहे ते तरी मला ठरवू द्या.

आई, सकाळी हॉलमध्ये येताना पहिली काही पावलं तू अंग चोरून टाकतेस. मागच्या खेपेला मी दारातून बघत होते. टाइल आणि लाकूड एकाच खोलीत सारख्याच तापमानाला असतात, तरी टाइल तळव्यातली ऊब झटकन ओढून घेते आणि लाकूड फार सावकाश घेतं, म्हणून लाकडावर पाय ठेवला की चटका बसल्यासारखा गारठा लागत नाही. फळ्यांच्या खाली पातळ फोम अंथरतात, त्यामुळे पाऊल टेकताना जमीन अगदी किंचित दबते. तुझी गुडघेदुखी याने जाईल असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठल्या उठल्या तुझ्या तोंडून जो "आई गं" निघतो, तो कमी ऐकायला मिळावा एवढीच माझी इच्छा आहे.

आता बाबांचा प्रश्न. भरीव सागवान का नाही? बाबा, मी त्याचा विचार सगळ्यात आधी केला, कारण तुमच्या मते साग सोडून बाकी सगळं सरपण! लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं. लांबीला ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला फुगतं आणि आक्रसतं. साग यात खरंच गुणी आहे, कमी हलतो. तरी अखंड भरीव फळ्या म्हणजे खाली लाकडी चौकट किंवा प्लायचा थर, खिळे, गोंद, जागेवर घासणं आणि वर पॉलिश. म्हणजे कित्येक दिवस धूळ आणि वास. तुमच्या खोकल्याला ते झेपणार नाही. म्हणून मी इंजिनिअर्ड फळ्या घेतल्या.

"म्हणजे प्लायवूडच ना!" असं तुम्ही म्हणाल. नमुन्याचा तुकडा माझ्या टेबलावर आहे, त्याच्याकडे बघतच लिहितेय. कडेने पाहिलं तर वर ४ मिमी खऱ्या ओकचा थर दिसतो आणि त्याखाली पातळ थर, एकाचे रेषे आडवे तर दुसऱ्याचे उभे. एक थर फुगायला बघतो, तेव्हा दुसरा त्याला धरून ठेवतो. सगळी जाडी मिळून १४ मिमी. ही कालपरवाची टूम नाही, १९४१ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ केर यांनी अशा थरांच्या फळीचं पेटंट घेतलं होतं. वरचं लाकूड अस्सल आहे, त्यामुळे पुढे कधी खराब झालं तर एक-दोनदा घासून पुन्हा नवं करता येतं. फळ्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा घशाला झोंबणारा वायू किती सुटतो त्याचीही वर्गवारी असते. आपला माल ई१ वर्गाचा, म्हणजे कमी वायू सोडणारा आहे. बाबांसाठी ते मी मुद्दाम कागदावर लिहून घेतलंय.

साग न घेता ओक घेतला त्यालाही कारण आहे. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी असते. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतायला किती जोर लागतो ते त्यात बघतात. सागाला साधारण हजार पौंडांच्या आसपास लागतो, पांढऱ्या ओकला १,३६०. तुमची ती आरामखुर्ची रोज सकाळी पेपरसाठी खिडकीकडे आणि दुपारी पुन्हा भिंतीकडे फरफटते, हे डोळ्यांसमोर आलं की मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. शिवाय ओकच्या रेषा ठळक असतात, बारीक ओरखडे त्यात लपून जातात.

लॅमिनेटही पाहिलं. त्यावर लाकडाचा फोटो असतो, वरचा पापुद्रा चांगला टणक असतो, पण कडा एकदा फुगल्या की ती फळी टाकूनच द्यावी लागते, घासता येत नाही. व्हायनल, म्हणजे प्लास्टिकची फरशी, पाण्याला अजिबात दाद देत नाही आणि उद्या स्वयंपाकघराचं करायचं झालं तर मी तेच घेईन. पण हॉलमध्ये आई दुपारी जमिनीवरच आडवी होते. तिच्या अंगाखाली खरं लाकूड असावं असं मला वाटलं. हा हिशेबाचा मुद्दा नाही, पण माझ्यासाठी तो मोठा आहे.

मला आठवतं, मी पोटावर पालथी पडून गृहपाठ करायचे, कोपर गार पडायचे, आणि आई काही न बोलता गोधडीची घडी माझ्या छातीखाली सरकवून जायची. बाबा वरून ओलांडून जाताना वहीत डोकावून "सात नव्वे किती?" विचारायचे. ती जमीन बदलताना मलाही आत काहीतरी होतंय. पण आता गोधडी सरकवायची पाळी माझी आहे, असं समजा.

ती जमीन जाणार नाही, फक्त झाकली जाईल. टाइल्स फोडायच्या नाहीत. त्या घट्ट आणि सपाट असतील तर फळ्या फोमवर नुसत्या अंथरून एकमेकींत अडकवतात, त्याला फ्लोटिंग म्हणतात. दोन मीटरची पट्टी ठेवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तेवढा भाग आधी सपाट करून घेतात. टीव्हीसमोरची ती ठोकल्यावर पोकळ वाजणारी टाइल आधी दुरुस्त होईल, तसं सांगून ठेवलंय. तुमची झोपायची खोली, औषधांचं कपाट, बाथरूमची वाट, यातलं काहीही हलणार नाही. हॉलचं काम चालू असेल तेव्हा बाबांची खुर्ची आतल्या खिडकीत लागेल. तिथेही पेपर वाचण्याइतका उजेड येतो, मी बसून बघितलंय.

फिनिशवर मी बराच वेळ घालवला. एक तेल-मेणाचं असतं, लाकडात मुरतं, हाताला फार सुंदर लागतं आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त होतं. मन तिकडे ओढत होतं. पण त्याला ठरावीक काळाने पुन्हा तेल पाजावं लागतं, आणि ते काम तुमच्या मागे लावायला मी तयार नाही. म्हणून कारखान्यातच लावलेलं मॅट लॅकर घेतलं, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक लेप. चकचकीत मुद्दामच नाही. चकाकीवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, आणि बाबांना ऑपरेशननंतर उजेडाचा त्रास होतोच. पाणी सांडलंय की नुसतीच चमक आहे, हे पटकन कळायला हवं. फळीवर ब्रश फिरवलेला आहे, त्यामुळे बोटाला रेषा जाणवतात आणि पावलाला थोडी पकड मिळते. तरी आई, नुसते मोजे घालून यावर चालायचं नाही. मोज्यांनी कुठल्याही लाकडावर पाय सटकतो. रबरी तळाच्या घरातल्या चपला घेऊन ठेवल्या आहेत, त्या घालायच्या. विषय संपला.

आता पाण्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तीच आहे. आई, तुझी बादली हॉलमध्ये येणार नाही. तुला पाण्याने पुसल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, हे मी जन्मापासून बघतेय. त्या नमुन्याच्या तुकड्यावर मी रात्रभर पाण्याचे थेंब ठेवले. मधल्या थेंबाखाली सकाळी काहीच नव्हतं, पुसलं आणि गेलं. कापलेल्या कडेवरचा थेंब मात्र आत शिरला होता, तिथे काळसर डाग उमटला आणि बोट फिरवल्यावर रेषे उभे राहिलेले जाणवले. म्हणजे पाणी वरून जात नाही, सांध्यातून जातं. दादाकडे बाल्कनीच्या दाराशी झालं ते हेच. कुंड्यांचं पाणी फळ्यांखाली गेलं, खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली झाली, आणि प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या. बाबा, इतिहास तुमचा आवडता म्हणून सांगते: व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली संगमरवराच्या जागी लाकडी फरशी घातली, कारण संगमरवर सारखा धुवावा लागे आणि ते पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत होत्या.

तेव्हा रोज फक्त कोरडा मायक्रोफायबरचा मॉप फिरवायचा. तो हलका आहे, वाकावं लागत नाही, दांडा तुझ्या उंचीला लावता येतो. फळ्यांची वैरी खरी धूळच आहे, बारीक वाळू पायाखाली घासून लॅकर मंद पडतं. म्हणून दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं हवं. आठवड्यातून एकदा फडका इतका घट्ट पिळून घ्यायचा की पुसलेला भाग मिनिटभरात वाळायला हवा, आणि लाकडासाठीचं सौम्य क्लीनर अगदी थोडं. व्हिनेगर नाही, फिनेल नाही, वाफेचा मॉप तर मुळीच नाही, ती वाफ सांध्यांत घुसते. वर तेल, मेण, कुणी सांगितलेलं पॉलिश काहीही लावायचं नाही. त्याने जमीन निसरडी होते आणि पुढे लॅकरचा नवा हात धरत नाही. काही सांडलं तर लगेच टिपायचं, पण धावत जाऊन नाही! फळी दहा मिनिटं थांबेल, तुमचं हाड थांबणार नाही. डाग पडला तर पडू दे.

बाबा, खुर्चीच्या चारही पायांना फेल्टचे गोल मी आल्यावर लावून देईन, तोपर्यंत ती खुर्ची नव्या जमिनीवर ठेवायची नाही. फेल्टमध्ये वाळूचे कण अडकतात, म्हणून अधूनमधून उलटून बघावे लागतात. ते तुम्ही करू नका, जो कुणी घरी येईल त्याच्याकडून करून घ्या. रबराच्या पाठीचा गालिचा नको, त्याने लॅकरवर पिवळट डाग पडतात. खरं तर सुटे छोटे गालिचे नकोतच, त्यांच्या कडेला पाय अडकतो. आईला तो जुना निळा गालिचा ठेवायचाच असेल तर खाली जाळी लावू आणि मधून मधून जागा बदलू. उजेडाने लाकडाचा रंग बदलतो आणि झाकलेला भाग वेगळा दिसायला लागतो.

भिंतीलगत साधारण १० मिमी फट सोडतात, फळ्यांना फुगायला जागा म्हणून, आणि ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. बाबा, ती बघून "काम अर्धवट सोडलं" असं कारागिरांना म्हणू नका, आणि काही भरूनही टाकू नका. ती बुजवली तर दमट दिवसांत फळ्या मध्येच उचलल्या जातील. फळ्यांची खोकी कामाच्या किमान दोन दिवस आधी हॉलमध्ये आडवी ठेवली जातील. लाकडाला खोलीच्या हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. ती वाटेत येतात म्हणून उभी करायची नाहीत, आणि कुणीही उचलायची नाहीत. कुणीही म्हणजे बाबा. हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं घड्याळ पाठवतेय. काटा ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असला की निश्चिंत राहा, फार दिवस वर राहिला तर मला फोटो पाठवा.

स्वयंपाकघराच्या दाराशी जमीन साधारण दीड-पावणेदोन सेंटीमीटर वर येईल. याने माझी झोप उडाली होती. तिथे उतरती पट्टी बसेल, उंबरठ्यासारखा उंचवटा येणार नाही, आणि तिचा रंग फळीपेक्षा गडद घ्यायला सांगितलंय, म्हणजे नजरेला चढ कळेल. पहिले काही दिवस तिथून जाताना दाराच्या चौकटीला हात लावायचा. दोघांनीही.

दोन गोष्टी मी तुमच्यासाठी ठेवल्यात. रंगाचे दोन तुकडे वेगळ्या पाकिटात येतील, एक नैसर्गिक ओक आणि एक गडद. गडदवर धूळ आणि ओरखडे लगेच दिसतात, म्हणून माझं मत पहिल्याला आहे. पण त्या खोलीत तुम्ही बसता, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा. खिडकीपाशी जमिनीवर ठेवून सकाळी एकदा आणि दिवे लावल्यावर एकदा बघा, हातात धरून बघू नका. रविवारच्या फोनवर सांगा.

दुसरं म्हणजे, दार किती घासायचं ते ठरवायला मुख्य दाराखालची फट मिलिमीटरमध्ये हवी आहे. बाबा, टेप तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. पण मोजायला तुम्ही गुडघ्यावर बसायचं नाही आणि आईला बसवायचं नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा, तो मोजेल. आकडा तुम्ही लिहून घ्या, त्याचं अक्षर मला लागत नाही.

तुमची लेक