आरशावरच्या टॉवेलबद्दल

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिन्मय गणितात नापास झाला, आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवतो आणि बाथरूममधल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवतो, अशा तीन गोष्टी तू वेगवेगळ्या लिहिल्यास. मला त्या एकाच दुखण्याच्या वाटतात. त्याचे बाबा जाऊन सात महिने झाले आणि पोरगा रडत नाही, म्हणून तो सावरला असं सगळ्यांनी धरलं. चौदाव्या वर्षी दुःख डोळ्यांतूनच बाहेर येतं असं नाही. ते वहीत दिसतं, झोपेत दिसतं.

मित्रांबरोबर तो खदखदून हसतो, याचं तुला वाईट वाटलं. वाटून घेऊ नकोस. शोकाच्या त्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) सगळेजण सांगतात, पण मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या मुलांचं ते वेळापत्रक नव्हे. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं: माणूस दुःखापाशी जातो, तिथून रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा जातो. ही ये-जा म्हणजेच सावरणं. चिन्मय हसतो तेव्हा तो बाबांना विसरलेला नसतो, जरा श्वास घेत असतो.

आता शाळा, कारण तिथे उशीर परवडणार नाही. घरी राहिलं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी जाणं आणखी जड होतं. वर त्या दिवसाचा बुडालेला अभ्यास. तेव्हा आधी वर्गशिक्षिकेला एकटी जाऊन भेट आणि नेमकं माग. पहिली गोष्ट, शाळेत त्याच्यासाठी एकच ठरलेलं माणूस, ज्याच्याकडे तो कधीही जाऊ शकेल. दुसरी, भर तासाला भरून आलं तर कारण न सांगता दहा मिनिटं बाहेर जायची मुभा, आणि त्यासाठी दाराजवळचा बाक. तिसरी, बुडालेल्यापैकी कोणते धडे पुढच्या धड्यांसाठी लागणारच आहेत, त्यांची यादी. बाकीचा गृहपाठ सध्या माफ. वर्गात काय सांगायचं, काय नाही, हे मात्र चिन्मयला विचारूनच ठरव.

सुरुवातीचे तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग आठवडाभर एक-एक तास वाढवत पूर्ण दिवस. एखाद्या दिवशी गाडी अडली तर आदल्या दिवशीच्या तासांवर ये, शून्यावर येऊ नकोस. आणि शाळेच्या फॉर्मवरचा वडिलांच्या नावाचा, व्यवसायाचा रकाना तूच आधी भरून ठेव. सगळ्या वर्गासमोर पेन हातात धरून त्या रकान्याशी अडणं फार जीवघेणं असतं.

गणिताबद्दल तू "आळस" लिहिलंस, तो शब्द मागे घे. दुःखात आणि अपुऱ्या झोपेत मन एका वेळी फार गोष्टी धरून ठेवू शकत नाही. म्हणून पाच पायऱ्यांचं उदाहरण तिसरीला तुटतं, आणि पाठांतराचे विषय कसेबसे निभावतात. त्याला प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहू दे, तोंडी काही नको. वीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं उठून फिरणं, असे दिवसाला तीनच फेरे. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग ताडून बघायचं. तोच भाग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा. सहा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावू नकोस. ते दोन दिवसांत मोडतं, आणि मोडलं की "मी कशाच्याच लायकीचा नाही" याला आणखी एक पुरावा मिळतो.

झोपेचं थोडक्यात. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, पण शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. आधी उठायची वेळ पक्की कर. सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर उशीर. उठल्यावर उजेडात नेऊन बसव. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण. फोन खोलीबाहेर, तुझाही.

आणि तो टॉवेल. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. तूच लिहिलंस की त्याचा आवाज फुटला, आणि फोनवर काकांना क्षणभर भाऊच बोलतोय असं वाटलं. मावशी म्हणाल्या, "अगदी बाप डोळ्यांसमोर उभा राहिला." जबडा रुंदावतोय, नाक वाढतंय, भुवया दाट होताहेत. सुनंदा, बाबा गेले त्याच वर्षी पोराचा चेहरा बाबांचा होऊ लागला आहे. रोज सकाळी दात घासताना तो कोणाला बघतो, याचा विचार कर. कुणाला ही सोबत वाटते, कुणाला सहन होत नाही. त्याचं काय आहे ते त्यालाच विचार, पण समोर बसवून नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीतून जाताना, जिथे नजर भिडवावी लागत नाही तिथे: "लोक तुला बाबांसारखा म्हणतात, ते ऐकावंसं वाटतं की नकोसं होतं?" उत्तर काहीही येवो, ते नातेवाइकांपर्यंत तू पोचव. "आता तूच घरातला कर्ता" हे वाक्य तर कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नकोस.

कदाचित कारण इतकं खोल नसेल, मुरुमांचाच त्रास असेल. तोही खराच त्रास आहे. सौम्य मुरुमांना अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल चालतं. वाटाण्याएवढं, दिवसातून एकदा, फक्त फोडावर नाही तर त्या सगळ्या भागावर पातळ थर. सुरुवातीला एक दिवसाआड. चुकतं ते इथे: फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मुलं दहाव्या दिवशी सोडून देतात, किंवा दुप्पट लावून कातडी सोलवटून घेतात. या जेलने कापडाचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेव. मोठ्या, दुखऱ्या गाठी असतील तर घरी काही न करता सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे ने.

हातपाय लांब आणि धड आखूड दिसतं म्हणतो ना? या वयात वाढतातच तसे: आधी पावलं नि हात, मग पाय, शेवटी धड. त्याला हे एकदा नीट समजावून सांग. हेही सांग की फोन चेहऱ्याजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक असतं त्याहून मोठं दिसतं, कारण कॅमेऱ्याला तेच सगळ्यात जवळ असतं. "छान दिसतोस रे" एवढ्यावर भागवू नकोस. त्याला वाटतं तू आई म्हणून म्हणतेस. सगळे आपल्याकडेच बघताहेत ही या वयातली भावना मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये काल्पनिक प्रेक्षक म्हणून वर्णन केली होती. प्रेक्षक काल्पनिक असले तरी लाज खरी असते, म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. दोन आठवडे सलग कशातच मन नसणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "माझा तुम्हाला भारच आहे" असं बोलणं, अंगावर कापल्याच्या खुणा, यांतलं काहीही दिसलं तर सरळ विचार: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, घरातल्या गोळ्या आणि धारदार वस्तू हलव आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा दवाखान्याच्या तातडीच्या विभागात ने. पत्रात यातलं काही दिसलं नाही, तरी हे माहीत असू दे.

टॉवेल राहू दे तिथे. शर्टाची बटणं लावायला दुसऱ्या खोलीत एक छोटा आरसा ठेव, खांद्याच्या उंचीवर, म्हणजे वाकल्याशिवाय चेहरा दिसणार नाही.

सोमवारी वर्गशिक्षिकेला भेटलीस की काय ठरलं ते लगेच कळव. त्या धड्यांची यादी मलाही पाठव, गणितातलं कुठून सुरू करायचं ते आपण दोघी मिळून बघू. आणि तुझ्या स्वतःच्या झोपेबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. पुढच्या पत्रात ती हवी.

तुझी,
माधवी