मशीन कुणाला देऊन टाकायचं नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर डिशवॉशरचं नाव काढलं की आई लगेच भाजीचे भाव सांगायला लागते, म्हणून लिहितेय. मशीन कुणाला देऊन टाकायचं नाही, ते ठरलंय. न विचारता घेतलं म्हणून तुम्ही नाराज आहात, कळतं मला, पण विचारलं असतं तर "दोन माणसांची भांडी ती किती" म्हणून उडवून लावलं असतंत, आणि बाई दांडी मारते तेव्हा आई त्या दुखऱ्या खांद्याने कढया घासत बसते हे मला इथे बंगलोरला बसून ऐकवत नाही. पैशांची काळजी नको, बोनसमधून घेतलंय.

आता मशीनला येणाऱ्या वासाचं. मशीन बिघडलेलं नाही, आणि आई, तुझ्या स्वच्छतेतही काही कमी नाही हां. दोघांचीच भांडी, मशीन भरायला दोन-दोन दिवस लागतात, रविवारची बांगड्याची ताटं तोवर आत कोंडलेली, मग वास मारणारच की. वर बाबा वीज वाचवायला कायम तो झटपटवाला प्रोग्राम लावतात, त्यात पाणी फारसं तापत नाही, तेलाचा थर आत तसाच राहतो.

तर ताटातलं खरकटं आधी डब्यात झटकायचं, पण घासायचं नाही (आई, तू आधी घासून मग मशीनमध्ये लावतेस, माहितीये मला). मशीन भरलं नसेल तर रात्री नुसत्या पाण्याने विसळायचा प्रोग्राम लावायचा. आणि धुऊन झालं की दार थोडं उघडं ठेवायचं, बंद ठेवलं की कुबट वास धरतो.

बाबा, फिल्टर तुमच्याकडे. खालचा रॅक बाहेर काढलात की तळाशी गोल जाळी आहे, डावीकडे फिरवून वर उचलायची. तिरफळाची टरफलं, मोहरी, भाताची शितं, सगळं तिथे जाऊन कुजतं. दर आठवड्याला गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. स्कूटरचा कार्बोरेटर पेपरवर मांडून साफ करायचात आणि मला ब्रश धरून बसवायचात ना, तसंच. माझ्या फ्रॉकला पेट्रोलचा वास लागला म्हणून आई तुम्हाला काय बोलली होती तेव्हा! फक्त आता वाकायचं नाही, स्टूल घेऊन बसायचं. पाणी उडवणारी पाती फिरतात त्यांच्या भोकांत शीत अडकलं असेल तर टूथपिकने काढा. दाराच्या रबराची खालची कड ओल्या फडक्याने पुसा, तिथपर्यंत फवारा पोचत नाही, काळपट चिकटा तिथेच साचतो.

महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून वरच्या रॅकमध्ये वाटीभर पांढरं व्हिनेगर, आणि सगळ्यात गरम प्रोग्राम, 70 डिग्रीचा असेल तर तोच. त्याहून जास्त वेळा नको, रबर खराब होतं. ब्लीच त्यात चुकूनही घालू नका, व्हिनेगरबरोबर विषारी वायू होतो.

बोअरचं पाणी जड, त्यासाठी मशीनचं जाडं मीठ लागतं, घरातलं नाही चालत. ते मागवलंय, गुरुवारी येईल, पैसे भरलेत, घेऊन येणाऱ्या पोराला पुन्हा पैसे देऊ नका. आजीची पितळेची पातेली आणि बिडाचा तवा मशीनमध्ये घालायचा नाही, पण म्हणून आईने घासायचा असंही नाही, बाई आली की ती घासेल.

आणि आई, फिजिओकडे जातेस का खरंच? बाबा, तुम्ही सांगा मला, ती खोटं बोलते.

तुमची,
छकुली