मनूचे ऑपरेशन

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात, आणि आई एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे ठेवून बोलते. म्हणून कागद घेतला. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईने मध्ये बोलू नये.

गणपतीत आले होते तेव्हा गौरीचे मुखवटे काढायला मी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. मुखवट्यांच्या खाली बाबांची निळी फाइल होती. लाइट बिलं, घरपट्टी, आणि बँकेची मुदत ठेवीची पावती. सहा लाख. मागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'मनूचे ऑपरेशन'. त्याखाली दर नोव्हेंबरची तारीख, एकाखाली एक. मोजल्या, अकरा होत्या.

मी फाइल होती तशी ठेवली आणि काही बोलले नाही. संध्याकाळी आई फुलं आणायला सोप्यावरून उतरताना दिसली. आधी भिंतीला हात, मग उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर. तीन पायऱ्यांना सहा पावलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी केव्हाचं सांगितलंय की वाटी पूर्ण झिजलीय, सांधा बदलावा लागेल. विचारलं की तू म्हणतेस, "हुतंय की पुढंमागं." ते पुढंमागं कशासाठी अडलंय हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा, ते ऑपरेशन होणार नाहीये. आणि ते ऑपरेशन नसतंच मुळात, दुसऱ्याच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून चढवतात. पण ते जाऊ दे.

२०१४ चा सप्टेंबर आठवा. ऑफिसच्या तपासणीत माझ्या पांढऱ्या पेशी १ लाख ८६ हजार निघाल्या. चार ते अकरा हजार असायला हव्यात. लॅबवाल्यांना वाटलं मशीन बिघडलं, म्हणून दुसऱ्यांदा रक्त घेतलं. त्याआधी सहा महिने मी अर्ध्या भाकरीत उठत होते, डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं वाटायचं. आई, तू गुळवेलाचा काढा दिला होतास. ती प्लीहा होती, वाढून पोटावर रेललेली. आजाराचं नाव निघालं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हणाले, हाडातला मगज बदलावा लागेल, पंधरा-वीस लाख धरून चला. बाबा नुकतेच निवृत्त झालेले, फंडाचे पैसे हातात आलेले. तुम्ही त्या खोलीत ऐकलंत ते वाक्य अजून धरून बसला आहात. पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते तुमच्या कानावर पडलं पण आत गेलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलं होतंत, "गोळी? नुसती गोळी?"

हो, नुसती गोळी. तिचं काम तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. मळ्यातल्या मोटरच्या स्टार्टरचे पॉइंट चिकटले की स्टॉपचं बटण कितीही दाबा, मोटर थांबत नाही आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात जातं. माझ्या रक्तात तेच झालं. हाडाच्या मगजातल्या एका पेशीत ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले. ते आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दोन संशोधकांना पहिल्यांदा दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव आहे. अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात आणि त्यांच्यापासून जे प्रथिन तयार होतं ते पेशींना "वाढा, वाढा" सांगायचं थांबतच नाही. इमॅटिनिब, म्हणजे माझी ही गोळी, त्या प्रथिनाच्या ऊर्जा घ्यायच्या खोबणीत जाऊन बसते. तुम्ही खांबावर चढण्याआधी किटकॅट फ्यूज काढून खिशात टाकायचात ना, तसं. फरक इतकाच की माझा किटकॅट रोज रात्री जेवणानंतर नव्याने काढावा लागतो. मोटर दुरुस्त झालेली नाही, बंद ठेवलेली आहे.

म्हणून "अजून किती दिवस गोळी?" या तुमच्या प्रश्नाला मी हसून उत्तर देते. टायफॉइडच्या गोळ्यांसारखा तिचा कोर्स नसतो. बाबांची बीपीची गोळी किती दिवस, असं कोणी विचारतं का?

गंमत बघा. २०१३ च्या एप्रिलमध्ये मी माहेरी होते आणि बाबा सोप्यावर पेपर मोठ्याने वाचत होते. कॅन्सरच्या एका गोळीवरचं परदेशी कंपनीचं पेटंट सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलला नाकारलं होतं. "एप्रिल फूल तर नाही ना?" असंही म्हणाला होतात. ती गोळी हीच. मूळ कंपनीची महिन्याला लाखाच्या वर, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांच्या आसपास, असं त्यात छापलं होतं. आपण चहा पीत ऐकलं आणि विसरलो. दीड वर्षाने मी केमिस्टसमोर उभी होते. कोर्टाचा निकाल उलटा लागला असता तर तुमचे सहा लाख सहा महिने पुरले नसते.

आता काही गोष्टी, ज्या मी तुमच्यापासून लपवल्या.

व्हिडिओ कॉलवर आई दर वेळी विचारते, "रडलीस का?" नाही गं. या गोळीने अंगात पाणी धरतं आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज येते. दुपारपर्यंत उतरते. अमोल तर मला सकाळी बेडकी म्हणतो. रात्री पोटरीत गोळे येतात, ते मात्र रडवतात. आणि मावशी जे दर लग्नात म्हणते, "पुण्याचं पाणी मानवलं, किती उजळलीस!" तेही पाणी नाही, गोळीच. कातडीचा रंग फिका होतो तिने. लोक पैसे देऊन क्रीम लावतात, मला फुकट.

दुसरी गोष्ट २०१७ ची. आत्याकडच्या लग्नाला मी तीन आठवडे कराडला होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सगळ्यांना आपण सांगितलेलं, मनूला रक्त कमी आहे. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर उलटी होते. भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाणी घेऊन, सगळ्यांसमोर रोज एवढी मोठी गोळी घ्यायची म्हणजे दहा प्रश्न. पहिले दोन दिवस चुकवली, मग काही झालं नाही म्हणून घेतलीच नाही. पुढच्या तपासणीत आकडा ०.०४ वरून ०.६ वर गेला. हा आकडा म्हणजे रक्तात त्या बिघडलेल्या जनुकाचा माग किती टक्के सापडतो ते. वर्षभराच्या उपचारानंतर तो ०.१ च्या खाली असावा लागतो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "नव्वद टक्के मिळाले की पहिला नंबर, असं इथं नसतं." पुन्हा नेमाने सुरू केली, सात-आठ महिन्यांनी आकडा खाली आला. त्या सात-आठ महिन्यांत मी रात्री उठून ओवीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत बसायचे. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही कारण तुम्ही त्या लग्नाला, आत्याला आणि स्वतःला दोष दिला असता. दोष लपवण्याचा होता. म्हणून या दिवाळीत मी आत्याला आणि मावशीला आजाराचं नाव सांगणार आहे, विचारत नाहीये, कळवतेय. कोणी ओवीच्या लग्नाचं काढलं तर सांगा, हा आजार आईबापांकडून येत नाही आणि लेकराला जात नाही. आई, तूही कुलदेवीचं काय राहिलं ते शोधायचं थांबव. काही राहिलेलं नाही.

तिसरी लिहायला जड जातेय. ओवीला भाऊ-बहीण का नाही, हे तू पाच-सहा वर्षं विचारलंस. मी "परवडत नाही" म्हणायचे, आणि तू अमोलवर चिडायचीस. या गोळीवर असताना दिवस राहू द्यायचे नसतात, बाळाला धोका असतो. गोळी थांबवायची तर आकडा खूप खाली, बराच काळ राहिलेला हवा. माझा तसा झाला तोवर मी अडतिशीत होते. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. एकदा खूप रडले, त्या वेळी तू विचारलं नव्हतंस. एवढंच. अमोलशी आता गोड बोल.

आणि आता चांगलं. गेली पाच वर्षं माझ्या रक्तात तो माग शोधूनही सापडत नाही. डॉक्टरांनी या वेळी गोळी थांबवून बघायचं का, असं विचारलं. अशा निवडक पेशंटांपैकी साधारण निम्म्यांचा आजार गोळीविना शांत राहतो. उरलेल्यांचा परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो. सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं. मी अजून ठरवलेलं नाही. अकरा वर्षं जी रोज रात्री उशाशी असते तिला एकदम निरोप द्यायचा, तर हात कचरतो. बाबा, लगेच देवाला नारळ बोलू नका. थांबले काय, न थांबले काय, माझं बरं चाललंय. गोळी ज्यांना अशी लागू पडते ते साधारण इतरांएवढंच जगतात. उद्या ही चालेनाशी झाली तर डॅसाटिनिब आहे, निलोटिनिब आहे. मगज बदलायची पाळी आता फार थोड्यांवर येते.

मी मरायला टेकलेली नाही आणि पूर्ण बरीही झालेली नाही. तुम्ही दोघं मात्र यातलं एक काहीतरी व्हायची वाट बघत अकरा वर्षं थांबलात. काशीला गेला नाहीत, स्वयंपाकघराचं गळतं छप्पर बदललं नाहीत, आई तीन पायऱ्या सहा पावलांत उतरते.

मी इथल्या सांध्यांच्या डॉक्टरांची सोमवार, ३ नोव्हेंबरची वेळ घेतली आहे. भाऊबीज उरकली की आदल्या दिवशी, रविवारी कोयनेने या, अमोल स्टेशनवर येईल. आईचे जुने एक्स-रे, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी आणा. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना इथेच राहायचं, खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करतेय. ओवी आजीला व्यायाम करून घेणार आहे, तिने वहीत तक्ताही आखलाय.

बाबा, ठेवीची मुदत नोव्हेंबरातच संपते. बारावी तारीख लिहू नका. मागचं सगळं खोडायचीही गरज नाही. 'मनूचे' एवढंच खोडा आणि 'हिचे' लिहा.

तुमची,
मनू

ता. क. काकूंच्या कोकणातल्या झाडाचं पपनस या वेळी आणू नका. दर वर्षी "गोड निघालं" म्हणत आले, पण ते शेजारच्या घरी जातं. ग्रेपफ्रूटने या गोळीचं रक्तातलं प्रमाण बिघडतं, आणि पपनस त्याच घराण्यातलं. चिवडा मात्र दोन डबे आणा.