कबुली देऊन सुटण्याचा विचार करू नकोस

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोर्टात उभे केले की गुन्हा कबूल करून टाकावा, तुरुंगात काढलेला काळ शिक्षेत धरला जाईल आणि लगेच सुटका होईल, असे बराकीतल्या काहींनी तुला सुचवले आहे आणि तुलाही ते पटू लागले आहे, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. तुझ्यावर मी रागावलेलो नाही. दोषारोपपत्र दाखल होऊन एवढा काळ लोटला तरी अजून चार्ज फ्रेम, म्हणजे आरोपनिश्चिती, झालेला नाही. तारखेच्या दिवशी पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून तुला कोर्टात नेलेच जात नाही. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सने, हजेरी लागली तर समोरचे बोलणे तुला ऐकू येत नाही आणि पुढची तारीख पडते. अशा स्थितीत निर्दोष माणसालाही कबुली हीच सुटकेची वाट वाटू लागते, आणि या व्यवस्थेबद्दल माझा सर्वांत मोठा राग याच गोष्टीचा आहे.

परंतु एकदा कबुली दिलीस की गोदामातला माल तूच चोरलास असे कायमचे कागदावर येईल, आणि पुढे नोकरीसाठी, पोलीस पडताळणीसाठी तोच कागद तुझ्या आधी जाऊन उभा राहील. शिवाय भोगलेल्या दिवसांइतकीच शिक्षा द्यावी असे बंधन न्यायाधीशांवर नाही. ज्यांनी तुला हा सल्ला दिला, त्यांनी ही बाजू सांगितलेली दिसत नाही.

मुलाखतीला आलो तेव्हा हे सगळे बोलायचे होते. पण काचेपलीकडे तू, रिसीव्हरची तार जरा हलली की आवाज जातो, शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला मुलीच्या परीक्षेचे गुण ओरडून सांगत होती, आणि आपले बोलणे ‘जेवतोस ना’ याच्या पुढे सरकण्याआधीच वेळ संपल्याची हाक आली. तू सारखा डावा खांदा चोळत होतास. रात्री सगळ्यांना एकाच कुशीवर झोपावे लागते आणि एकाला वळायचे तर अख्ख्या रांगेला वळावे लागते, हे तू नंतर लिहिलेस तेव्हा त्याचे कारण कळले. हे पत्र तुझ्या हाती येण्यापूर्वी वाचले जाईल, याची मला कल्पना आहे. वाचणाऱ्यानेही ते वाचावे. ड्युटीवरच्या शिपायांशी माझे भांडण नाही. एवढी माणसे एवढ्या जागेत कोंबली की त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे, तुझ्यासारखे. ही संख्या एकट्यानेच जवळजवळ सगळी जागा भरून टाकते. मग नवे तुरुंग बांधून हा प्रश्न कसा सुटणार? १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील कच्च्या कैद्यांची दशा देशापुढे आणली. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ त्यांतले कित्येक जण आत होते. त्यानंतर तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीचा अहवाल आला, आणखी समित्या झाल्या, निकाल झाले. निकाल चांगले आहेत. ते तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत, हे माझे गाऱ्हाणे आहे.

तुझ्या शेजारी झोपणाऱ्या त्या परप्रांतीय मुलाचेच पाहा. त्याला जामीन मंजूर झालेला आहे, आणि स्थानिक जामीनदार मिळत नाही एवढ्यासाठी तो अजून आत आहे. तहसील कचेरीत असताना ऐपतीचे दाखले माझ्याच टेबलावरून जात; सातबारा नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसासाठी असा दाखला कोण आणणार, हे मला पुरते ठाऊक आहे. जामीनदार परजिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात १९७८ सालीच सांगितले. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात तर जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी, देता आले नाही, तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकेल, असेही म्हटले आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे, तीत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. त्याला मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना भेटून हे सांगायला लाव, आणि अर्ज तू लिहून दे.

आता तुझे. तुझ्यावर भारतीय दंड संहितेचे कलम ३८१, म्हणजे नोकराने मालकाच्या मालाची चोरी करणे, लावले आहे; त्याची कमाल शिक्षा सात वर्षे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. तुझ्या बाबतीत हा काळ २ वर्षे ४ महिन्यांचा होतो आणि तो उलटून गेला आहे. जुन्या गुन्ह्यांनाही हे कलम लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. तुझ्यावर दुसरा खटला नाही. आणि अशा सुटकेसाठी कोर्टाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकलेले आहे! तरीही वकिलांच्या तोंडून हे कळेपर्यंत ना तुला कोणी सांगितले, ना मला. प्रत्येक बंद्याची ही तारीख तो आत येतो त्याच दिवशी काढता येते. ती त्याच्या हातात लेखी द्यावी आणि त्या दिवशी अर्ज आपोआप कोर्टापुढे जावा, एवढी सुधारणा झाली तरी हजारो घरांतली माणसे परत येतील. त्याला इमारत लागत नाही. कोर्टात नेण्यासाठी गार्ड मिळाला नाही, तर त्याचा लेखी खुलासा न्यायालयाने मागावा, हीही माझी मागणी आहे.

आपल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची खुली वसाहत तू लहानपणी पाहिली आहेस. औंध संस्थानाने १९३९ साली ती उभारली. शिक्षा झालेली माणसे तिथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात. माणसावर विश्वास टाकण्याची रीत आपल्याच मुलखात एवढी जुनी आहे, आणि ज्याचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही त्याला मात्र कूस बदलायला जागा मिळत नाही, हे मला सहन होत नाही. या मागण्या मी आमदारांकडे आणि गृह विभागाकडे लेखी पाठवल्या आहेत, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार आहे.

वकील येत्या आठवड्यात तुला भेटतील. अर्जावर सही करण्यापूर्वी अटकेची तारीख नीट तपासून पाहा, आणि कार्यालयाकडून कोठडीच्या काळाचा दाखला लेखी मागून घे. तोंडी उत्तर मिळाले तर अर्जाची पोच तरी घे. त्याआधी कोर्टात नेले, तर कबुलीचा शब्द काढू नकोस. खांद्याला लावायचे औषध कारागृहाच्या डॉक्टरांकडून मागून घे. आई बरी आहे, तिने वेगळे पत्र लिहिले आहे.

तुझे,
अण्णा