गटातून ती गेली, आणि आता मतदान आहे

प्रिय मित्रा,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, घरी सगळे मजेत. झालं, आता मुद्द्यावर येतो, कारण गेल्या बैठकीपासून डोक्यात एकच विषय चालू आहे आणि तो सांगावा असं तुझ्याशिवाय कुणी नाही. घरच्यांना सांगितलं तर म्हणतात, पुस्तकावरून कुणी एवढं मनाला लावून घेतं का. तू असं म्हणणार नाहीस हे मला माहितीये.

आपल्या आयन रँड वाचणाऱ्या गटातून एक मुलगी गेली. म्हणजे घालवली असंच म्हणायला हवं. तू सोडल्यानंतर आलेली, त्यामुळे तुझी ओळख नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, फोन मांडीवर स्क्रीन वर करून ठेवलेला, कारण घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि तेवढ्या वेळापुरतं कुणाला तरी त्यांच्यापाशी बसवून ती यायची. तिची प्रत बघायला हवी होतीस, समास पेन्सिलच्या बारीक अक्षरांनी भरलेला आणि जवळपास प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. आपल्या गटात इतकं बारकाईनं वाचणारं दुसरं कुणी नाही, गट चालवल्यासारखे वागणारे आपले वकीलसाहेबसुद्धा नाहीत (हे त्यांना सांगू नकोस, आधीच पेटलेले आहेत).

सध्या आम्ही रँडबाईंचं ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’, म्हणजे स्वार्थ हाच सद्गुण म्हणणारं निबंधांचं पुस्तक, वाचतोय आणि गाडी आली ती आणीबाणीच्या प्रसंगी नीती काय सांगते त्या १९६३ च्या निबंधावर. तू आणि मी त्याच्यावरून रात्री दीडपर्यंत भांडलो होतो तोच. तिनं शांतपणे विचारलं, मी वडिलांसाठी नोकरी सोडली, मग या हिशेबात मी त्याग केला की नाही? बस, एवढाच प्रश्न. आणि अरे, सगळे तुटून पडले. वकीलसाहेब म्हणाले, दुसऱ्याची गरज हा तुझ्या आयुष्यावरचा हक्क होत नाही, तू स्वतःचा बळी देतेयस. त्यांच्या बाजूच्या लांबूनं लगेच री ओढली. मग एकेकानं आपापलं मत दिलं, ती समोर बसलेली असताना तिच्या आयुष्याबद्दल, जणू केस चाललीये. तिनं सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल पुस्तकात ठेवून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, मी प्रश्न विचारला होता, परवानगी नव्हती मागितली. आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिला कुणीतरी मेसेज केला की हा स्टडी ग्रुप आहे, मन मोकळं करायची जागा नाही. कुणी केला ते मला कळलंय पण इथे लिहीत नाही, तुला अंदाज येईलच.

आता मला सांग, यात रँड कुठे आहे? त्याच निबंधात बाईंनी सरळ लिहिलंय की त्याग म्हणजे मोठं मूल्य सोडून त्याच्यापेक्षा लहान मूल्य पदरात घेणं, आणि बायकोवर जिवापाड प्रेम करणारा माणूस तिच्या आजारपणात अमाप पैसा ओततो तेव्हा त्याला त्याग म्हणणं हास्यास्पद आहे. कारण ती त्याला हवी आहे. मग वडील जिला हवे आहेत तिनं काय गमावलं? आणि तिला ते खरंच हवे आहेत, की लोक काय म्हणतील म्हणून ती करतेय, हे ठरवणार कोण? वकीलसाहेब? हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. मनात अपराधी वाटतं म्हणून आयुष्य जाळणारी माणसं तू आणि मी दोघांनी पाहिलीयेत, तुझ्या मावशीचंच उदाहरण घे. पण त्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे, मतं मोजून ते मिळत नाही. ज्या विचारात प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं निवाडा करायचा हाच पाया आहे, तिथे दहा जणांनी मिळून एकीला सांगायचं की तुला काय प्रिय असावं?

आणि बाईंची कादंबरी फाउंटनहेड तर आम्ही नुकतीच संपवली होती! म्हातारा गुरू कॅमेरॉन मरणाच्या दारात असतो तेव्हा नायक रोआर्क काय करतो? त्याच्या उशाशी जाऊन बसतो. तिथे एकालाही त्याग दिसला नाही, सगळे भारावून गेले होते. खुद्द बाई १९२६ ला रशियातून अमेरिकेत आल्या आणि पुढे तिथून आईवडिलांना बाहेर काढायची खटपट करत राहिल्या, सोव्हिएत सरकारनं येऊ दिलं नाही म्हणून ते राहिलं. नवरा शेवटच्या काळात भ्रमिष्टासारखा झाला तेव्हाही त्या त्याच्याजवळच होत्या, १९७९ मध्ये तो जाईपर्यंत. मी हे बैठकीत म्हणालो, तर उत्तर मिळालं की चरित्र वेगळं आणि तत्त्वज्ञान वेगळं. सोयीचं असतं तेव्हा मात्र बारा प्रकाशकांनी फाउंटनहेड नाकारल्याची गोष्ट दर महिन्याला होते, ते चरित्र नाही का?

बरं, खरी काळजी पुढेच आहे. आता ठराव आलाय. नव्या माणसानं आधी मूळ सिद्धांत मान्य आहेत असं लिहून द्यायचं आणि मगच चर्चेत बसायचं, पुढच्या बैठकीत मतदान. मला घाम फुटला, कारण हे आधी घडून गेलंय. १९६८ ला बाई आणि त्यांचा पट्टशिष्य नॅथॅनियल ब्रँडन यांचं फाटलं, तेव्हा त्याच्या नावाची ती व्याख्यानं चालवणारी संस्था बंद पडली आणि मित्रामित्रांत फाळणी झाली. १९८९ ला बाईंच्याच विचाराचा तत्त्वज्ञ डेव्हिड केली यानं लिबर्टेरियन (सरकार कमीत कमी हवं म्हणणाऱ्या) लोकांसमोर भाषण काय दिलं, बाईंचे वारस पीकॉफ यांनी लेख लिहिला, आणि केली बाहेर. भांडण हेच होतं की हा विचार पुरा झालेला आहे की पुढे वाढू शकतो. तेव्हा आपण दोघं केलीच्या बाजूचे होतो. वर्षानुवर्षं एकत्र वाचलेली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली रे, आणि कशावरून, तर कोण किती खरा यावरून. आपला गट दहा-बारा जणांचा, त्याला फुटायला काय लागतं?

तू म्हणशील, मी तेव्हाच सांगत होतो. सांगत होतास, आणि मला ते अजूनही पटलेलं नाही. तू म्हणालास इथे लोक मान डोलवायला येतात आणि निघून गेलास, तुझी खुर्ची रिकामी झाली आणि त्यानंतर वकीलसाहेबांना अडवणारं कुणी राहिलं नाही. हे मी तुला तोंडावर बोललो होतो, आजही बोलतो. तू थांबायला हवं होतंस. तू असतास तर त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाला असतास, आधी ते पान काढा आणि मोठ्यानं वाचा. तुझा तो आवाज, अख्खी बिल्डिंग जागी व्हायची.

मी ठरावाच्या विरुद्ध बोलणार आहे. मान्यता आधी आणि विचार नंतर हे बाईंच्याच म्हणण्याच्या उलट्या टोकाला जातं, हे मी त्यांना पानं काढून दाखवीन. ठराव पास झाला तर मी तिथे राहणार नाही, त्यात मला शंका नाही. अडकलोय ते दुसऱ्याच गोष्टीत. तिला परत बोलवावं का? मला ती यावी असं मनापासून वाटतं, पण कुठल्या तोंडानं आणि कुठे बोलवू, त्याच खोलीत? की चार जणांना घेऊन नवीन सुरुवात करू, ती म्हणेल त्या वेळेला, हवं तर तिच्या घरी वडिलांच्या शेजारच्या खोलीत? की हे परत तिच्यासाठी आपणच ठरवल्यासारखं होईल? याच्यावर मी किती उलटसुलट विचार केलाय तुला कल्पना नाही.

तुझं काय चाललंय? नव्या घरात सेट झालात का? वहिनींची परीक्षा कशी गेली, धाकट्याचा दात आला म्हणे, फोटो पाठव. आणि तुझ्याकडे केलीचं ते पुस्तक आहे, सहिष्णुतेवरचं, माझी प्रत घेऊन गेलायस तेच, ते मतदानाच्या आधी मला हवंय, निदान खुणा केलेल्या पानांचे फोटो तरी. आणि तिला बोलावू की नको ते लिहून कळव. फोनवर तू नुसतं बघू म्हणतोस, त्यानं माझं भागत नाही.

तुझाच,
मी

ता.क. लांबू मतदानाच्या दिवशी येणार नाही असं कळलंय. एक मत तिकडचं कमी झालं. त्याला फोन करून या म्हणावं का नको, हे पण सांग. मला वाटतं म्हणावं.